माशीच्या डोळ्यातल्या रेघा

माशी आधी ह्यांनी पाहिली, आणि तिथूनच सगळा वैताग सुरू झाला.

हे म्हणजे माझा नवरा. चौतीस वर्षं भांडुपच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं काढायची, त्यावर मापं टाकायची, आणि एक माप चुकलं तर खाली कारखान्यात शंभर नग भंगारात जायचे. त्यामुळे स्वभावात एक काटेकोरपणा आला तो घरीही उतरला. भिंतीवर कॅलेंडर तिरकं लागलं तर ह्यांचा घास अडकायचा. अशा माणसाचा उजवा डोळा गेल्या वर्षी बिघडला. दरवाज्याची चौकट मधेच वाकलेली दिसायला लागली.

घाटकोपरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्याच्या मधोमध पाणी साठलंय असं सांगितलं. डोळ्यात इंजेक्शनं दिली. मला नुसतं ऐकून चक्कर आली, ह्यांनी मात्र दाढीला बसावं तशी घेतली. तरी उजव्याचं जे गेलं ते गेलं. डॉक्टर म्हणाले, आता डावा सांभाळायचा, कधीकधी दुसऱ्या डोळ्यातही हेच सुरू होतं. त्यांनी चौकोन छापलेला एक कागद दिला. रोज सकाळी उजवा डोळा झाकून डाव्याने तो बघायचा. रेघा सरळ दिसल्या तर ठीक. वाकड्या दिसल्या, किंवा नसलेलं काही दिसायला लागलं, तर तडक निघून या म्हणाले.

कागद फ्रिजवर लागला. हे दात घासून आले की फ्रिजसमोर उभे राहायचे, उजव्या डोळ्यावर तळहात ठेवायचे आणि दोन सेकंदांत "सरळ" म्हणून चहाला बसायचे. मी पोळ्या लाटता लाटता तेवढा शब्द ऐकायचे आणि मग माझं लाटणं पुढे सरकायचं.

आम्ही राहतो मुलुंडला, डोंगराच्या बाजूला. आमच्या कॉलनीचा रस्ता जिथे संपतो तिथे नॅशनल पार्कची भिंत लागते. भिंतीलगत पायवाट आहे, बिबट्याची पाटी आहे आणि ती वाचत कुणीच नाही. सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही तिथपर्यंत चालून येतो. ऑक्टोबरात वाटेवरची बोर फुलते. बोराची फुलं कुणी मुद्दाम बघायला जात नाही. हिरवट, बारीक, आणि वास असा की नाकाला पदर लावावा. त्या वासाला जगातल्या सगळ्या माश्या जमतात. मी पदर लावून पुढे निघाले तर हे मागे थांबलेले. कमरेत वाकून, उजवा डोळा तळहाताने झाकून एका फांदीकडे बघत होते.

"ह्या माशीच्या डोळ्यात रेघा आहेत," हे म्हणाले.

"कुठे?"

"डोळ्यातच. आडव्या. काळ्या. चार तरी आहेत."

मी म्हटलं, माशीच्या डोळ्यात कसल्या रेघा असणार. बोलून गेले आणि मग आठवलं. नसलेलं काही दिसायला लागलं तर तडक या, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे एक तर ह्या माशीच्या डोळ्यात खरोखर रेघा होत्या, नाहीतर ह्यांचा डावा डोळा चालला होता. तिसरं काही असणं शक्य नव्हतं. मी चष्मा सारखा करून वाकले तर माशी उडून गेली.

डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं, तर हे म्हणाले, कागद सरळ दिसतोय, आधी तू माशी बघून सांग. तिथून पुढचे पंधरा दिवस मी त्या माशीच्या मागे घालवले. आयुष्यात झुरळाला चप्पल मारण्यापलीकडे माझा किड्यांशी संबंध आलेला नाही. पण रोज दहा वाजता हातात ह्यांचं ड्रॉइंगचं भिंग घेऊन मी बोरीपाशी उभी. कॉलनीतले लोक यायचे-जायचे. एक शेजारीण थांबून म्हणालीच, "रिटायर झाल्यावर पुरुष माश्या मारतात ते ऐकलं होतं गं, तू पण लागलीस?" मी हसले. मनात काय आलं ते लिहीत नाही.

माशी लहान. घरातल्या माशीहून बारीक, करडी, पाठीवर काळ्या रेघा, पोटाला दोन्ही बाजूंनी पिवळा हात फिरवलेला. तोंड पुढे आलेलं, चोचीसारखं. इतपत मला लांबूनही दिसायचं. पण माझ्या नजरेला डोळा दिसायचा तर भिंग चार बोटांवर न्यायला लागतं, आणि चार बोटांवर भिंग आलं की ती उडणार. उडून जाणार कुठे, तर शेजारच्याच फांदीवर. तिथे बसून पाय चोळणार. मी तिकडे गेले की परत पहिल्या फांदीवर. एकदा ती माझ्या भिंगावरच येऊन बसली आणि मला तिचं नुसतं पोट दिसलं.

मोबाइलवर फोटो काढले. शंभरेक असतील. बोरीची पानं सुरेख आली, माशीच्या जागी धुरकट ठिपका. ह्यांना सांगितलं, तुम्ही काढा, तर ह्यांनी फोटो काढायच्या ऐवजी घरी येऊन कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिचं ड्रॉइंग काढलं. वरून, समोरून आणि बाजूने. बाण टाकून माप लिहिलं, लांबी सहा मिलिमीटर. चोचीचं माप नव्हतं. मी विचारलं, हे का राहिलं, तर म्हणाले, "ते नीट दिसलं नाही. जे दिसलं नाही त्याचं माप टाकायचं नसतं." आणि बाजूच्या चित्रात, डोळ्यावर, त्या आडव्या रेघा.

मुलगी बोरिवलीला असते. म्हणजे त्याच जंगलाच्या पलीकडच्या काठाला. तिला फोटो पाठवले. तिच्या फोनवर किडे ओळखणारं ॲप आहे. त्याने आधी सांगितलं मधमाशी. दुसऱ्या फोटोला सांगितलं फुलमाशी. तिसऱ्या फोटोला सांगितलं कीटक. हे तर मीही सांगितलं असतं. मग तिने मला किड्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर घातलं. तिथले लोक भले, पण प्रश्नाचं उत्तर द्यायची त्यांना सवय नाही. मी सरळ विचारलं होतं की ह्या माशीच्या डोळ्यात रेघा असतात का. एकजण म्हणाला, फोटो ब्लर आहे ताई. दुसऱ्याने सांगितलं, ही ब्लोफ्लायच्या कुळातली लहान जात, म्हणजे मासळीवर बसते ना हिरवी चकचकीत, तिची चुलत बहीण. तिसरा म्हणाला, आता ते कुळ वेगळं केलंय. त्यावरून दोघांची जुंपली. चाळीस मेसेज झाले. कुळ वेगळं करावं की करू नये. माझ्या घरात एका माणसाचा डोळा पणाला लागलाय आणि हे चुलत बहिणींच्या वाटण्या करतायत. शेवटी कुणीतरी लिहिलं की नमुना हातात असल्याशिवाय जात सांगता येत नाही.

मग मी नमुना मिळवायचं ठरवलं. ह्यांना ते पसंत नव्हतं. "कशाला मारतेस तिला?" म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा. हॉटेलातून चटणी येते ती झाकणाची प्लास्टिकची डबी घेतली आणि तीन दिवसांच्या झटापटीनंतर एक माशी फुलासकट आत घेतली. डबी फ्रीझरमध्ये ठेवली, खवलेल्या नारळाच्या मागे. दुसऱ्या दिवशी काढायची होती, पण दिवाळी तोंडावर, चकलीची भाजणी अंगावर. त्यात ती विसरले.

धनत्रयोदशीला दुपारी आठवलं. गॅलरीत उन्हात पांढरी बशी ठेवली, माशी त्यावर काढली आणि टाचणीने हलकेच एका कुशीवर वळवली. भिंग धरलं. आता ती कुठे उडून जाणार नव्हती. पाठीवरच्या रेघा होत्या. पोटाचा पिवळा होता. चोच होती. डोळा साधा होता. काळपट तपकिरी, एकसारखा. मी दुसऱ्या कुशीवर वळवलं, तोही तसाच. चष्मा पुसून बघितलं. उन्हाची बाजू बदलून बघितलं. एकही रेघ नव्हती.

हे गॅलरीच्या दारात उभे होते. "काय आहे?" म्हणाले.

"काही नाही," मी म्हटलं. "साधा डोळा आहे. तपकिरी."

"रेघा?"

"नाहीत."

मी भिंग पुढे केलं, म्हटलं तुम्ही बघा. ह्यांनी घेतलं नाही. "तू बघितलंस ना, मग झालं," म्हणाले आणि आत जाऊन पंख्याखाली बसले.

वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. कॅलेंडरच्या खिळ्यावरून तासभर वाद घालणारा माणूस, आणि इथे एका शब्दाने मानून मोकळा. मी लगेच डॉक्टरांकडे फोन लावला. दवाखाना दिवाळीला बंद, डॉक्टर गावाला गेलेले, भाऊबीज झाल्यावर येणार. मी म्हटलं, चला मोठ्या हॉस्पिटलात जाऊ. हे नाही म्हणाले. मुलीने फोनवर आवाज चढवला, तिलाही नाही म्हणाले. "पाच दिवसांनी काय फरक पडणार आहे? त्यांच्याकडे माझे आधीचे फोटो आहेत, त्यांनाच दाखवणार." तडक या असं सांगितलं होतं, मी आठवण करून दिली. हे उठून बाथरूममध्ये गेले. बाथरूममध्ये गेलेल्या माणसाशी किती भांडणार?

आमच्याकडे आकाशकंदील विकत येत नाही. दरवर्षी हे करतात. बांबूच्या काड्या, पतंगाचा कागद, आणि कापाकापी अशी की खालच्या झिरमिळ्या एका मापाच्या. यंदा काड्या आणलेल्या होत्या, त्या कपाटावर तशाच राहिल्या. "तयार एक घेऊन ये," एवढंच म्हणाले. मी प्लास्टिकचा आणला. तो लावताना तिरका लागला आणि ह्यांनी काही म्हटलं नाही. सकाळी फ्रिजसमोर उभं राहणंही बंद झालं. विचारलं तर म्हणाले, "आता काय बघायचंय?"

मला राग यायचा. हॉस्पिटलला येत नाहीत म्हणून राग, बोलत नाहीत म्हणून राग, आणि आपण ती डबी मुळात कशाला उघडली याचा सगळ्यात जास्त. फराळाची ताटं देऊन आले की बाहेरच्या खुर्चीवर बसून मी रडून घ्यायचे, मग आत येऊन काहीतरी खटकन आपटायचे.

पाडव्याच्या सकाळी औक्षणाची तयारी करत होते. निरांजन घासलं, फुलवात घातली, आणि फोनवर मेसेज वाजला. त्या ग्रुपवरचे एक गृहस्थ. धनत्रयोदशीला मी मेलेल्या माशीचा फोटो टाकला होता, तो त्यांनी आज बघितला. इतके दिवस कुठल्या रानात होते, तिथे रेंज नव्हती. त्यांनी लिहिलं होतं, ही स्टोमोरायना गटातली माशी, पुढची जात फोटोवरून नक्की सांगत नाही. आणि खाली एक ओळ. डोळ्यातल्या रेघा मेलेल्या माशीत शोधू नका, त्या जिवंतपणीच दिसतात, माशी मेली की पुसल्या जातात. जिवंत माशीचा फोटो आहे का?

मी ती ओळ तीनदा वाचली. मग निरांजन तसंच ठेवलं, भिंग घेतलं आणि नवी साडी नेसलेली होती तशीच चपला घालून निघाले. हे अंघोळीला गेले होते.

साडेसात वाजले असतील. त्या वेळी आम्ही तिथे कधी गेलोच नव्हतो. नोव्हेंबरची सकाळ, भिंतीपाशी अजून गारवा, ऊन नुकतं वरच्या फांद्यांवर आलेलं. आणि माश्या बसून होत्या. दहा वाजता ज्या हाताला लागत नव्हत्या त्या अंग गारठल्यासारख्या पानापानावर बसलेल्या. एक तर तोंडातून पाण्याचा थेंब बाहेर काढत होती आणि परत आत ओढत होती. किळस आली तरी मी भिंग नेलं. चार बोटांवर. ती हलली नाही.

रेघा होत्या.

करड्या गुलाबी डोळ्यावर काळ्या, आडव्या, शाईने ओढाव्यात तशा. दुसऱ्या माशीच्याही होत्या. तिसरीच्याही. ह्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर काढल्या होत्या अगदी तशा. मी तिथेच दगडावर बसले. चौतीस वर्षं न दिसलेलं माप न टाकणारा माणूस मला सांगत होता की रेघा आहेत, आणि मी त्याचं सोडून फ्रीझरमधल्या मेलेल्या माशीचं ऐकलं. दुसऱ्याला दोष देण्यासारखं काही उरलं नव्हतं, ग्रुपलाही नाही.

घरी आले तर हे पाटावर बसलेले. औक्षणाची वेळ झाली आणि बायको गायब, म्हणून तोंड वाकडं. मी तबक न घेताच सांगितलं, "रेघा आहेत. मेल्यावर जातात. मी चुकले."

ह्यांनी विचारलं, "तू बघितल्यास, की कुणी सांगितलं?"

"मी बघितल्या. आत्ता."

"किती?"

मी मोजल्याच नव्हत्या. एवढं धावत जाऊन, एवढ्या जवळून बघून, मोजल्या नव्हत्या. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की कारखान्यातल्या नव्या पोरांची काय अवस्था होत असेल ते मला कळलं. "चल," म्हणाले.

पुन्हा बोर. हे गंध लावलेले, नवा सदरा घातलेले, मी नव्या साडीत. ऊन थोडं खाली उतरलेलं, पण एक माशी अजून सावलीतल्या पानावर होती. ह्यांनी उजवा डोळा झाकला, भिंग लावलं, बघितलं आणि मला दिलं. म्हणाले, "सांग."

"तुम्ही आधी सांगा."

"मी आधी सांगितलं तर तू तेच म्हणशील."

"नाही म्हणणार."

"तू म्हणशील. सांग."

तिथे उभं राहून आम्ही त्यावरही भांडलो. शेवटी मी वाकले, जीव लावून मोजलं. "चार," मी म्हटलं. "आणि खाली एक अर्धी."

ह्यांनी डोळ्यावरचा तळहात काढला. "पुढच्या बाजूला तुटते ती," म्हणाले. "मधेच."

"हो. मधेच तुटते."

परत येताना मी विचारलं, फ्रिजवरचा कागद रोज सरळ दिसत होता, मग ह्या माशीचं एवढं का लावून घेतलंत? हे म्हणाले की त्या कागदाचा ह्यांना भरवसाच नव्हता. जन्मभर सरळ रेघा काढल्या. रेघ सरळ असायला हवी हे माहीत असलं की डोकं ती आपोआप सरळ करून घेतं. रोज "सरळ" म्हणायचे ते दिसतं म्हणून की माहीत आहे म्हणून, हे ह्यांचं ह्यांनाच कळत नव्हतं. म्हणून जे आधी कधीच बघितलं नाही असं काहीतरी हवं होतं. आणि ते दुसऱ्या कुणीतरी बघून खरं सांगायला हवं होतं. दुसरं कुणी म्हणजे मी.

भाऊबीज झाल्यावर घाटकोपरला गेलो. डोळ्यात थेंब घातले, मशीनसमोर बसवलं, फोटो काढले. डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवले. उजवा होता तसाच. डावा स्वच्छ. मी त्यांना माशीचं सांगायला गेले, तर त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

घरी येऊन मी साडी बदलली आणि चहाचं आधण ठेवलं. हे पलंगावर बसून मोजे काढत होते. तिथूनच म्हणाले, "ते बाथरूमच्या वाटेतलं स्टूल हलवशील का? पाचव्या पावलाला लागतं."

"कसलं पाचवं पाऊल?"

मग ह्यांनी ड्रॉइंग वाचून दाखवावं तसं सांगितलं. पलंगापासून बाथरूम अकरा पावलं. बाथरूमच्या दारापासून ओटा सात. गॅसचं डावं बटण हाताला लागतं, लायटर दोन खिळे सोडून तिसऱ्यावर. दुपारी मी झोपायचे तेव्हा हे डोळे मिटून घरात चालून बघत होते. धनत्रयोदशीपासून रोज.

"चहासुद्धा जमला," म्हणाले. "साखरेचा फक्त अंदाज येत नाही. लक्ष्मीपूजनाला दुपारी तुला दिला ना, तो तसाच केलेला."

तो चहा मला आठवत होता. एक घोट घेऊन मी कप खाली ठेवला होता आणि म्हटलं होतं, केवढी साखर घातलीत, लक्ष कुठे असतं तुमचं.

ह्यांनी पायजमा वर केला. नडगीवर दोन काळेनिळे डाग होते. एक जुना, कडेने पिवळा पडलेला, एक ताजा. मी गॅस बंद केला. स्टूल उचलून गॅलरीत नेऊन ठेवलं. आत यायला मला जरा वेळ लागला.